नर झाड उपटायच्या आधी थोडं थांबा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर खाली कुणीतरी विचारणारच. मी राहतो कॅनडात, दक्षिण ऑन्टारिओत, आणि इथे १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी गांजाची झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे, १७ ऑक्टोबर २०१८ पासून. चार झाडं. माणशी नाही, घरटी चार, म्हणजे घरात सहा मोठी माणसं असली तरी चारच. शेजारच्या क्विबेक प्रांतात घरी लावायला बंदी आहे, तिथला एकजण त्यावर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२३ मधे कोर्टाने प्रांताची बंदी कायम ठेवली, त्यामुळे कॅनडा म्हणजे सगळीकडे एकच नियम असं पण नाहीये. आणि भारतात तर प्रश्नच नाही, १९८५ चा एनडीपीएस कायदा, झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उसात नाहीतर कपाशीत मधेच लावलेली झाडं सापडली, शेतकऱ्याला उचललं, अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. तर हे सगळं इथलं आहे, इथल्या कायद्यात बसणारं आहे, नाशिकच्या गच्चीवर करायचं नाहीये. एवढं झालं, आता मुद्द्यावर, म्हणजे घरचंच बी कसं धरायचं आणि त्यासाठी नर झाड का लागतं.

इथे दुकानात बिया मिळतात, सरकारी ऑनलाईन दुकानात पण मिळतात, पण छोट्याशा पाकिटात मोजून चार-पाच बिया आणि त्याची किंमत बघितली की माझ्यातला नगरकर जागा होतो. अरे बी आहे ते, बी विकत घ्यायची एकदा, दरवर्षी कशाला? माझे मामा बाजरीची चांगली भरलेली कणसं पेरणीसाठी वेगळी काढून ठेवायचे, त्याला कुणी हात लावायचा नाही, अगदी दुष्काळात पण नाही. ते डोक्यात बसलेलं. पण पैसे हे एक कारण झालं, खरं कारण दुसरंच आहे. या बिया बहुतेक अशा लोकांनी तयार केलेल्या असतात जे बंद खोलीत, दिव्याखाली, एसी लावून झाडं वाढवतात. माझी झाडं आहेत मागच्या अंगणात. इथे मे संपेपर्यंत थंडीची भीती जात नाही, ऑक्टोबर उजाडला की पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, कधीही पडतं, आणि सप्टेंबरमधे रात्री गार, सकाळी सगळं दवाने चिंब, मधेच तीन-तीन दिवस रिपरिप पाऊस. भरलेल्या कळीच्या आत राखाडी बुरशी धरते, इथे त्याला बड रॉट म्हणतात, बाहेरून कळी छान दिसते आणि उघडली की आत भुगा. म्हणजे मला पाहिजे असं झाड जे सप्टेंबरच्या शेवटी तयार होईल आणि बुरशीला दाद देणार नाही. असं बी पाकिटात मिळत नाही, अंगणातच तयार करावं लागतं, जे झाड तगलं त्याचं बी धरायचं, परत लावायचं, परत त्यातलं चांगलं निवडायचं. आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या, फक्त गांजाच्या जागी वाल, घेवडा आणि भोपळा.

तर गांजाचं असं आहे की नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. पपईचं असतं ना तसंच. माणसासारखंच एक्स आणि वाय गुणसूत्रांचं प्रकरण आहे, मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय, त्यामुळे साध्या बिया पेरल्या तर साधारण अर्धे नर निघणार अर्ध्या माद्या. लोक ज्यासाठी झाड लावतात ती चिकट वासाची कळी फक्त मादीला येते, आणि ती पण नराचा पराग लागला नाही तरच दणदणीत भरते, पराग लागला की झाड सगळी ताकद बियांमधे घालतं. म्हणून झालंय काय, की जगभर घरी लावणाऱ्यांची एकच रीत, नर दिसला की उपट आणि कंपोस्टमधे टाक. मी पण वर्षानुवर्षं तेच बघत आलोय, इथले अनुभवी लोक नर झाडाबद्दल असं बोलतात जसं काय घरात चोर शिरलाय.

हे काही नवीन नाही. इंग्रजांनी १८९३-९४ मधे एक इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं, भारतभर फिरून गांजा-भांग-चरस कोण पिकवतं, कोण घेतं, त्याने खरंच वेड लागतं का, अशी चौकशी केली, हजाराच्या वर साक्षीदार, रिपोर्टचे खंडच्या खंड. शेवटी निष्कर्ष काढला की सरसकट बंदीची गरज नाही. त्यात बंगालमधल्या नौगावचं वर्णन आहे, तो भाग आता बांगलादेशात आहे, तिथे गांजाच्या शेतात नर झाडं हुडकून काढणारा खास माणूस असायचा, त्याला पोद्दार म्हणायचे आणि इंग्रज त्याला गांजा डॉक्टर म्हणायचे. हा माणूस फुलं उमलायच्या आधी शेतात फिरायचा आणि एकेक झाड बघून नर बाजूला काढायचा. विचार करा, एकरच्या एकर शेत आणि त्यात एक जरी नर सुटला तरी आजूबाजूच्या माद्यांत बी धरणार, म्हणजे त्या माणसाच्या नजरेवर सगळ्यांची कमाई. आणि आमचं अहमदनगर, आता अहिल्यानगर, ते पण त्या रिपोर्टमधे आहे, मुंबई इलाख्यात परवान्यावर गांजा पिकवणारा जिल्हा म्हणून. हे मी इथे कॅनडात बसून वाचलं, नगरला शाळेत असताना कुणी सांगितलं नाही, अर्थात कोण सांगणार म्हणा.

पण त्या शेतकऱ्यांना पण पुढच्या वर्षी पेरायला बी लागतच होतं की. बी म्हटलं की नर आलाच. आणि इथेच माझं म्हणणं आहे, जे मी इथल्या मंडळींना सांगून थकलो. बी धरताना सगळे मादीकडे बघतात. कोणती कळी भारी, कोणाचा वास भारी, कोणाचा फोटो भारी. नर कुठला? जो हाताला लागला तो. अहो, बीमधे अर्धा वाटा त्याचा आहे! सांगलीत म्हशीसाठी रेडा बघायचा तर चार गावं फिरतील आणि इथे पराग म्हणजे कुठलीही पिवळी पूड. ब्रश फिरवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, नर निवडणं हे दोन महिन्यांचं काम आहे, आणि ते कुणालाच करायचं नसतं.

अडचण खरी आहे हे मान्य. मादीची कळी दिसते, नराची दिसणार कशी, त्याला ती येतच नाही. मग बघायचं काय? मी जे बघतो ते सांगतो. एक म्हणजे वास. झाड हातभर झालं की खोडावर बोटं चोळायची आणि हुंगायची. काही नर नुसते गवतासारखे लागतात, काहींना लिंबाचा, डिझेलचा, मिरीचा, कच्च्या आंब्याच्या चिकासारखा असा चक्क झणझणीत वास येतो. वास ज्याला चांगला तो पुढे. दुसरं अंग. पेरं जवळजवळ आहेत की लांब लांब, फांद्या जाड आहेत की वाऱ्याने लोळतायत. नर तसे उंच आणि सडपातळच असतात, निसर्गाने त्यांना मादीच्या डोक्यावरून पराग उधळायला उंच केलंय, पण त्यातही फरक असतो. तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, रोग. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पानांवर भुरी येते, द्राक्षवाल्यांना सांगायला नको, तीच पांढरी पावडर. ज्या नराच्या पानावर शेजारच्या झाडाची भुरी चढत नाही तो नर सोन्यासारखा जपायचा. चौथं म्हणजे वेळ, पण इथे जरा गंमत आहे. नर तसेही मादीपेक्षा आठ-पंधरा दिवस आधी फुलतात. पण एखादा पोरगेला नर जूनमधेच, दिवस मोठा असतानाच फुलायला लागला तर तो गडबडीचा माल असू शकतो, त्यात ऑटोफ्लॉवरचं रक्त असू शकतं. मला लवकर येणारं झाड पाहिजे पण दिवस-रात्रीच्या हिशोबाने लवकर येणारं, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिस्तीत फुलणारा नर मला आवडतो.

ऑटोफ्लॉवर म्हणजे काय ते थोडक्यात, कारण नवीन लोक यात फार गोंधळतात. साधं झाड रात्र मोठी व्हायला लागली की फुलतं, ऑटो झाड वय झालं की फुलतं, दिवस केवढा आहे त्याला देणंघेणं नाही. हा गुण रशिया-मध्य आशियाकडच्या थंड मुलखातल्या रुडेरालिस नावाच्या बुटक्या रानटी प्रकारातून आलाय. आता ऑटोचा पराग साध्या मादीला लावला तर पहिली पिढी साधीच निघते, लोक म्हणतात फसलं, फसलं वगैरे काही नाही, तो गुण दबलेला आहे, दहावीतला मेंडेल आठवा, पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक ऑटो निघेल. पण घरटी चार झाडं असताना तो चारातला एक शोधायला किती वर्षं जातील याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

चार झाडांचं गणित तर मजेशीरच आहे. साध्या म्हणजे रेग्युलर बिया पेरल्या, चार रोपं केली, तर सगळ्या माद्याच निघण्याची शक्यता सोळात एक, सगळे नरच निघण्याची पण सोळात एक, म्हणजे सोळातल्या चौदा वेळा किमान एक तरी जोडी जमते. वाईट नाही. पण निवड कुठे आहे त्यात? एकच नर असेल तर तोच नवरदेव. म्हणून नर पसंत पडला नाही तर सरळ काढून टाकायचा आणि त्या वर्षी बीच धरायचं नाही, कळ्या वापरायच्या, पुढच्या वर्षी परत बघू. घाई केली की फालतू बियांची बरणी भरते आणि मग ती टाकवत पण नाही. आणि हो, दुकानातलं फेमिनाइज्ड लिहिलेलं पाकीट आणून नराची वाट बघत बसू नका, त्या बियांमधे वाय गुणसूत्रच नसतं, नर निघणार कुठून. रेग्युलर लिहिलेलं पाकीट लागतं, ते मिळायला जरा शोधावं लागतं.

नर ओळखायचा कसा, तर पेराच्या बेचक्यात बघायचं, जिथे पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे. मादीला तिथे दोन पांढरे केस बाहेर येतात, नराला छोटीशी गोळी येते, देठावर बसलेली, केस नाहीत. भिंग घेऊन बघा, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून पण दिसतं. जुलैच्या शेवटी हे दिसायला लागतं. माझी झाडं मोठ्या कापडी कुंड्यांमधे असतात त्यामुळे नर कळला की कुंडीच उचलून गॅरेजच्या खिडकीत नेतो, तिथे ऊन थोडं मिळतं पण नराला कळ्या भरायच्या नाहीयेत, पराग द्यायचा आहे, तेवढं ऊन पुरतं. जमिनीत लावलेला नर हलवता येत नाही आणि मग तुमचं नियंत्रण संपलं.

कारण पराग वाऱ्यावर जातो. मधमाशीची वाट बघणारं हे झाड नाही, एका नरातून कोट्यवधी कण सुटतात आणि ते कुठपर्यंत जातात याचं एक उदाहरण मला फार आवडतं. स्पेनच्या मालागा शहरात हवेतले परागकण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना गांजाचा पराग सापडायचा, तो आलेला असायचा मोरोक्कोतून, समुद्र ओलांडून! आता तुमच्या कुंपणापलीकडे कुणी चार माद्या लावल्यात, वर्षभराची हौस म्हणून, आणि तुमचा नर अंगणात फुलून उधळतोय, तर त्या माणसाच्या सगळ्या कळ्यांत बिया होणार. तो काही पोलिसात जाणार नाही पण तोंड फिरवेल ना. आमच्या गल्लीत दोन-तीन घरी झाडं असतात हे सप्टेंबरमधे वासावरूनच कळतं. म्हणून माझा नियम, नर पूर्ण फुलू द्यायचाच नाही. घोसातली पहिली एक-दोन फुलं उघडली की ती फांदी कापायची, घरात आणून पाण्याच्या ग्लासात उभी करायची, खाली काळा गुळगुळीत कागद पसरायचा, खोलीचा पंखा-एसी बंद, दार बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागदावर पिवळसर पूड पडलेली दिसते. बाकीचा नर त्याच दिवशी मोठ्या पिशवीत घालून संपवायचा. वाईट वाटतं थोडं, एवढा निवडून काढलेला, पण काय करणार.

बायकोने एकदा ती पूड बघून विचारलं हळद सांडली का. नाही म्हटलं, हात लावू नकोस. तिला या सगळ्यात शून्य रस आहे, फक्त गॅरेजचा वास गाडीच्या सीटला लागतो एवढीच तिची तक्रार, आणि ती रास्त आहे.

पराग गोळा केला की त्यातली फुलांची टरफलं चाळून काढायची, चहाच्या बारीक गाळणीने होतं, ती गाळणी मग परत चहाला नाही हं. टरफलात ओल असते आणि ओल म्हणजे परागाचा काळ. एक दिवस उघड्यावर कोरडा होऊ द्यायचा, मग छोट्या काचेच्या कुपीत, सोबत बुटाच्या डब्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी, आणि फ्रीझरमधे. खोलीत ठेवला तर थोड्याच दिवसांत दम जातो, कोरडा करून फ्रीझरमधे ठेवला तर महिनोन् महिने टिकतो. पण कुपी बाहेर काढून परत आत, परत बाहेर असं केलं की आत पाणी धरतं, म्हणून एका वेळेला लागेल तेवढा पराग वेगवेगळ्या छोट्या कुप्यांत भरायचा. काही लोक त्यात कोरडा भाजलेला मैदा मिसळतात, म्हणजे थोडा पराग खूप जागी पुरतो आणि कुठे लावला ते दिसतं पण. मी मिसळतो, चारास एक असा. कुपीवर नाव आणि तारीख लिहा, न लिहिलेल्या कुपीत काय आहे ते जानेवारीत देवाला पण सांगता येणार नाही.

आता मादी. ती फुलायला लागून दोन-तीन आठवडे झाले, पांढरे केस भरपूर आणि ताजे दिसतायत, ही वेळ. आमच्याकडे म्हणजे ऑगस्टचा शेवट. यापेक्षा उशीर केला तर बिया पिकायच्या आत थंडी येते, बी पिकायला चार ते सहा आठवडे लागतात हे डोक्यात ठेवून मागे मोजायचं. सगळं झाड बियांना द्यायची काहीच गरज नाही, खालची एक फांदी पुष्कळ झाली, एका बऱ्या फांदीवर शंभरावर बिया सहज येतात आणि आपल्याला वर्षाला पाहिजेत किती, चार! वारा नसलेली सकाळ बघायची, दव वाळल्यावर. त्या फांदीच्या कळ्यांवर मऊ ब्रशने, पोरांच्या रंगपेटीतला नंबर चारचा ब्रश चालतो, पराग हलकेच टेकवायचा, केसांवर, पानावर नाही. मग त्या फांदीवर कागदी पिशवी चढवून खाली सैल बांधायची. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरतो आणि मग बुरशी. दुसऱ्या दिवशी पिशवी अलगद काढायच्या आधी बाकीच्या झाडावर पाण्याचा फवारा मारायचा, कारण ओला झालेला पराग कामातून जातो, उडालेला कण कुठे बसला असेल तर तिथेच संपतो. फांदीला रंगीत दोरा बांधा. कोणता नर, कोणती तारीख, दोऱ्यालाच चिठ्ठी.

दोन-तीन दिवसांत तिथले केस आक्रसून तपकिरी होतात, बाकी झाडाचे पांढरेच असतात, म्हणजे लग्न लागलं. पुढच्या आठवड्यात केसाच्या बुडाशी असलेली ती छोटी हिरवी पिशवी फुगायला लागते, एका पिशवीत एकच बी. मग बघत बसायचं. हा काळ मला सगळ्यात आवडतो, रोज ऑफिसच्या कॉलमधे कॅमेरा बंद करून अंगणात एक चक्कर. पिशवी फाटून आतलं बी डोकवायला लागलं की तयार होत आलं समजायचं. पिकलेलं बी गडद तपकिरी नाहीतर राखाडी, वर कासवाच्या पाठीसारखी नक्षी, आणि चिमटीत दाबलं तर फुटत नाही. पांढरं किंवा हिरवट बी म्हणजे कच्चं, ते रुजत नाही. कच्चं काढायचा मोह होतो, खासकरून हवामान खात्याने रविवारी दहिवर सांगितलं की, तेव्हा ती कुंडी रात्री गॅरेजमधे घ्यायची, दिवसा बाहेर.

फांदी कापून उलटी टांगून वाळवायची, मग ताटात चुरडून पाखडायचं. सूप असेल तर उत्तम, माझ्याकडे आईने कधीतरी बॅगेतून आणलेलं छोटं सूप आहे, आईला माहीत नाहीये ते कशाला वापरतो. पाखडलेल्या बिया अजून पंधरा दिवस सावलीत कागदावर, मग कागदी पाकीट, पाकीट बरणीत, बरणी फ्रिजमधे खाली. अशा बिया काही वर्षं व्यवस्थित रुजतात. जानेवारी-फेब्रुवारीत दहा बिया ओल्या टिश्यूत ठेवून किती मोड येतात ते बघायचं, मटकीला आणतो तसे, मोड आलेलं बी पुढे झाड म्हणून वाढवायचं नाही, ते चारच्या हिशोबात जाईल.

आता त्यातून निघेल काय? दुकानातली बहुतेक नावं म्हणजे संकराचा संकर असतो, त्यामुळे त्यांची पोरं एकाच आईबापाच्या पोटची असून एक काळं, एक गोरं, एक अभ्यासू, एक वांड अशी निघतात. एक उंच, एक बुटकं, एकाला लिंबाचा वास तर दुसऱ्याला काहीच नाही. ज्याला पाकिटावरच्या फोटोसारखंच हुबेहूब झाड पाहिजे त्याने या फंदात पडू नये, त्याने फांदी लावून कलम करावं, ते मादीची अगदी कॉपी असतं. मला हा वेगवेगळेपणाच हवाय, कारण त्यातूनच बुरशीला न भिणारं झाड सापडणार. फक्त पिढ्यान् पिढ्या भाऊ-बहिणीचीच जोडी लावत गेलो तर रोपं मरतुकडी व्हायला लागतात, म्हणून अधूनमधून बाहेरचा नर आणायचा.

फेमिनाइज्ड बिया घरी करतात लोक, मादीच्या फांदीवर चांदीचं द्रावण फवारतात, सिल्व्हर थायोसल्फेट वगैरे, त्याने झाडातल्या इथिलीनचं काम अडतं आणि मादीलाच नर फुलं येतात. त्या परागात फक्त एक्स असतो म्हणून सगळ्या मुलीच होतात. हुशारी आहे, पण फवारलेली फांदी वापरायची नाही, कुणी चुकून वापरली तर, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. आणि नर नसेल तर मी वर जे दोन महिने निवडीचं पुराण सांगितलं त्याला अर्थच राहत नाही. दुसरा एक प्रकार म्हणजे मादीच ताण आला की आपोआप मधेच केळीच्या घडासारखी पिवळी नर फुलं काढते आणि स्वतःवरच बी धरते. लोक खूश होतात, फुकट बी मिळालं म्हणून. असलं बी धरू नका, तो स्वभाव पोरांत उतरतो आणि पुढच्या वर्षी चारही झाडं तेच करतील.

बिया झाल्या की वाटाव्याशा वाटतात, आपलं रक्तच तसं, घरचं लोणचं झालं तरी चार घरी बाटली जाते. इथे मोठ्या माणसाला फुकट देता येतं, विकता येत नाही, लायसन्स लागतं. आणि कायद्याच्या तक्त्यात एक बी म्हणजे एक ग्रॅम सुका गांजा असा हिशोब आहे, सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमची मर्यादा, म्हणजे खिशात ३० बिया, एकतिसावी नको. घरात किती ठेवायच्या त्याला तशी मर्यादा नाही. भाड्याच्या घरात असाल किंवा कॉन्डोत, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटमधे, असाल तर आधी करारपत्र वाचा, तिथे झाड लावायलाच मनाई असते बऱ्याचदा.

पुण्यातला एक मित्र दर दिवाळीला विचारतो, येताना मोज्यात घालून चार बिया आण ना, भारतात बी गांजाच्या व्याख्येत येत नाही म्हणे. व्याख्येचं त्याचं अर्धं बरोबर आहे, एनडीपीएसमधे शेंड्याशिवायचं नुसतं बी आणि पान गांजात धरलेलं नाही, २०२१ मधे तर हेम्पचं बी आणि तेल खायच्या पदार्थांत पण आलं. पण तो बी खाणार नाहीये, पेरणार आहे, आणि पेरलं की दहा वर्षांचं कलम. शिवाय कॅनडातून बाहेर बी नेणं हा इथला पण गुन्हा आहे, कुठल्याही देशात, कितीही कमी. त्याला मी मेथीचं बी पाठव म्हणून सांगतो, इथे मिळणारं मेथीचं बी नीट उगवत नाही.

यंदाचा नर भुरीतून कोरा निघाला होता, वास मिरीसारखा, फुलला पण वेळेवर. त्याच्या दोन कुप्या फ्रीझरमधे मटारच्या पिशवीमागे आहेत. मादी मात्र अजून मनासारखी नाही, जी सप्टेंबरअखेर तयार झाली ती बारीक होती आणि जी भरली ती ऑक्टोबरपर्यंत रेंगाळली, म्हणून बारकीचं बी धरलंय, मे मधे त्यातली चार लावणार, आणि कुपीतला पराग तोवर चांगला राहिला तर बापाचाच पराग पोरीला लावून बघायचं की बाहेरचा नवा नर आणायचा ते अजून ठरत नाहीये. कुणी इथे ऑन्टारिओत बाहेर लावत असेल आणि भुरी न येणारा नर सांभाळून असेल तर खाली लिहा, बदल्यात माझी एक कुपी देतो.